डोंगर शेटजींचा, धूळ आमची!

पालघर तालुक्यांत हल्लीं पांढरे कपडे घालणारे दोन वर्ग झाले आहेत. एक वर्ग पुढाऱ्यांचा. त्यांचे कपडे परीट पांढरे करितो. दुसरा वर्ग खडीच्या यंत्रावरून दिवेलागणीला घरीं परतणाऱ्या मजुरांचा. त्यांचे कपडे, त्यांच्या भिवया आणि डोकीचे केस दगडाचें पीठ पांढरे करितें. पहिला वर्ग व्यासपीठावर उभा राहून विकास झाला म्हणून सांगतो; दुसरा वर्ग खोकतो. ह्या दोघांची गांठ पांच वर्षांतून एकदां पडते, आणि त्या वेळीं खोकणाऱ्यानें बोटाला शाई लावून घ्यावी एवढीच अपेक्षा असते.

बोईसरहून चिल्हार फाट्याच्या रस्त्याला लागावें. गुंदले, नागझरी ह्या बाजूला, तसेंच लालोंडे-किराटकडे, डोंगरांच्या कुशी कापलेल्या दिसतात. सुरुंगानें डोंगर फोडावयाचा, डबर यंत्राच्या जबड्यांत ओतावयाचें, चाळणीवर खडी, कच आणि भुकटी वेगळी करावयाची, आणि डंपर भरून रवाना करावयाचे, असा हा धंदा. खडी मुंबईला जाते, वसई-विरारला जाते, रेल्वेला जाते, हमरस्त्याला जाते. एक भुकटी मात्र गांवांतच राहते. ती कौलांवर बसते, विहिरींत बसते, पेंढ्यावर बसते, आणि उरलेली माणसाच्या छातींत जाऊन बसते. रस्त्याकडेच्या शाळेंत फळा पुसावा तर खडूपेक्षां दगडाची भुकटीच अधिक निघते.

बोईसरच्या कपाळीं असलें भोग नवे नाहींत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें सन २०१८ सालीं देशांतील औद्योगिक पट्ट्यांचें माप घेतलें, त्यांत तारापूरला १०० पैकीं ९३.६९ गुण मिळाले. शाळेंतल्या एखाद्या पोराला इतके गुण पडले तर आम्ही गांवभर पेढे वाटूं. पण ह्या परीक्षेंत गुण जितके अधिक, तितकी हवा आणि पाणी अधिक नासलेलें. पश्चिमेस कारखान्यांचा धूर आणि सांडपाणी, पूर्वेस खडीची धूळ, अशा चिमट्यांत बोईसर सांपडलें आहे. कारखान्यांविषयीं निदान वर्तमानपत्रांत दोन ओळी येतात. खडीच्या धुळीविषयीं मात्र सर्वांचें तोंड बंद. कारण तोंड उघडलें कीं धूळ आंत जाते, हें एक, आणि धुळीमागें कोणाचें हित आहे तें सर्वांस ठाऊक आहे, हें दुसरें.

प्रथम एक आक्षेप दूर करूं. कोणी म्हणेल, हे मास्तर लोक दगडाचे वैरी झाले. खडी नको तर घरें काय शेणाचीं बांधावयाचीं? आम्ही दगडाचे वैरी नाहीं. महात्मा जोतीराव फुले स्वतः मक्तेदार होते. खडकवासल्याच्या धरणास बांधकामाचें साहित्य पुरविण्याचें काम त्यांनीं केलें होतें. दगड, चुना आणि मजूर ह्यांची त्यांस पुस्तकांतून नव्हे, हातांनीं ओळख होती. म्हणूनच सरकारी बांधकामांत मजुराच्या घामाची चोरी कोठें होते हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. वडार बंधूंनीं ह्या देशाचे किल्ले, घाट, विहिरी आणि रस्ते घडविले. दगड फोडणें ही हलकी कामगिरी नाहीं. ती मोठ्या कसबाची कामगिरी आहे. आमचा आक्षेप दगडावर नाहीं. दगड फोडतांना माणूस फोडावा लागतो, असें जें गृहीत धरलें जातें, त्यावर आमचा आक्षेप आहे.

आतां ही धूळ करते काय, तें नीट समजून घ्यावें. डोळ्यांना दिसणारी धूळ ही त्यांतल्या त्यांत साधी. ती नाकांत अडते, शिंकेनें बाहेर पडते. खरी घातकी धूळ डोळ्यांना दिसत नाहीं. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस पन्नास-शंभर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर छातींत उतरतो, आणि चार-पांच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो. तेथें शरीराचे पहारेकरी त्यास शत्रू समजून गिळतात. पण दगड कोणास पचला आहे? पहारेकरी मरतो, कण तसाच राहतो, त्या जागीं व्रण होतो आणि व्रणाची गांठ बनते. अशा गांठींनीं फुप्फुस भरलें कीं तें भात्यासारखें फुगेनासें होतें. माणूस चार पावलें चालून बसतो. दगडांतल्या गारेच्या धुळीनें होणाऱ्या ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाहीं. काम सोडलें तरी रोग पुढें सरकत राहतो. तो बरा करितां येत नाहीं. फक्त टाळतां येतो. म्हणजे ह्या रोगाचा खरा वैद्य दवाखान्यांत नसून खडीच्या यंत्रापाशीं, पाण्याच्या नळाच्या तोटींत आहे.

मजुरांमध्यें एक समजूत आहे कीं, संध्याकाळीं गुळाचा खडा खाल्ला म्हणजे छातींतली धूळ उतरते. मुकादमही मोठ्या प्रेमानें गूळ वाटतो. गुळाची ढेप यंत्रावर पाणी फवारण्यापेक्षां स्वस्त पडते ना! बांधवांनो, गूळ पोटांत जातो आणि धूळ फुप्फुसांत जाते. ह्या दोन वाटा गळ्यापाशींच फुटतात. गूळ चांगला, तो भाकरीशीं खावा; पण त्याला औषध समजूं नये. तीच गोष्ट तोंडाला बांधलेल्या उपरण्याची आणि लुगड्याच्या पदराची. कापडाचीं छिद्रें त्या कणांच्या मानानें गांवच्या वेशीएवढीं मोठीं. पदरानें लाज राखतां येते, फुप्फुस राखतां येत नाहीं.

येथें मालकांचा शहाणा वकील पुढें येतो. तो म्हणतो, आपला दगड काळा पाषाण आहे. राजस्थानच्या वालुकाश्मांत गार फार, आपल्यांत थोडी. सबब येथें सिलिकोसिस व्हावयाचें कारण नाहीं. ह्यांत खरें आहे तेवढें आम्ही कबूल करितों. साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा हा दगड आहे आणि त्यांत सुटी गार वालुकाश्माच्या मानानें पुष्कळ कमी असते. पण कमी म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे. ह्याच काळ्या दगडाच्या पोकळींतून गारगोटीचे खडे निघतात हें गुराख्याच्या पोरासही ठाऊक आहे. शिवाय गार नसलेली बारीक धूळ म्हणजे कांहीं अबीर नव्हे. तीही दमा वाढविते, खोकला जुनाट करिते, हृदयाला बोजा देते. म्हणून तर देशाच्या कायद्यानें हवेंतल्या दहा मायक्रॉनखालच्या धुळीस चोवीस तासांच्या सरासरीनें घनमीटरमागें १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं तीच मर्यादा ४५ वर आणावी असें सांगितलें. कायद्यानें ही मर्यादा घालतांना धूळ काळ्या दगडाची कीं पांढऱ्या, हें विचारलें नाहीं. आणि वकीलसाहेबांचा आपल्या दगडावर इतका विश्वास असेल, तर त्यांनीं आपलें बिऱ्हाड एक वर्षभर यंत्राच्या वाऱ्याखालीं थाटावें. भाडें आम्ही वर्गणी करून देऊं.

दुसरी फसवणूक नांवाची आहे. मजूर खोकत सरकारी दवाखान्यांत जातो. अंगांत ज्वर, वजन उतरलेलें. त्यास क्षय म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या मिळतात. कित्येकांस क्षय खरोखरच असतो, कारण गारेच्या धुळीनें पोखरलेल्या फुप्फुसांत क्षयाचा जंतू सहज घर करितो. पण तूं काम काय करतोस, किती वर्षें करतोस, हे दोन प्रश्न विचारलेच जात नाहींत. क्षय लिहिला म्हणजे दोष जंतूचा. सिलिकोसिस लिहिला म्हणजे दोष मालकाचा. एका शब्दाच्या फरकानें नुकसानभरपाई बुडते आणि खाण निर्दोष सुटते. मग मालक म्हणतो, माझ्याकडे एकही रोगी नाहीं. मोजलेंच नाहीं तर आंकडा कोठून येणार? हजेरीच घेतली नाहीं तर वर्गांत कोणी गैरहजर नसतें, हें गणित आम्हां मास्तरांस चांगलें ठाऊक आहे.

आणि मोजलें तर काय निघतें, तें शेजारच्या मुलखांत पाहावें. मध्यप्रदेशांतील अलिराजपूर, झाबुआ आणि धार ह्या भागांतले भिल्ल-भिलाला बांधव दुष्काळांत पोटासाठीं गुजरातेंत गोध्र्याकडे गारेचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत गेले. थोडक्याच काळांत धुळीनें पोखरून घरीं आले आणि मेले. त्यांच्या माणसांनीं हिंमत धरली, घरोघर फिरून मेलेल्यांची नोंद केली, आणि प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढें व सर्वोच्च न्यायालयापुढें नेलें. सन २०१६ च्या मे महिन्यांत न्यायालयानें २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकीं तीन लक्ष रुपये देण्याची आज्ञा गुजरात सरकारास केली. तीन लक्षांनीं बाप परत येत नाहीं. पण तो नशिबानें मेला नाहीं, माणसांच्या हयगयीनें मेला, एवढें सरकारी कागदावर लिहिलें गेलें. ही लढाई वकिलांनीं लढविली खरी, पण तिचा पाया आदिवासी घरांनीं घातलेल्या नोंदींचा होता.

सातासमुद्रांपलीकडेही गोष्ट हीच. अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत हॉक्स नेस्ट येथें सन १९३० सालीं डोंगरांतून बोगदा खणावयास घेतला. दगड जवळजवळ शुद्ध गारेचा. पाणी मारून छिद्र पाडावें तर काम हळू चालतें, म्हणून कोरडेंच पाडलें. मजूर बहुतेक काळे, दक्षिणेंतून पोट भरावयास आलेले. थोड्याच वर्षांत ते शेकड्यांनीं मेले. ज्या देशांतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांस जोतीरावांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्याच देशांत गुलामगिरी उठल्यावरही धूळ कोणी खावयाची हें कातडीच्या रंगावरूनच ठरलें. उलट बाजू पाहा. ऑस्ट्रेलियांत स्वयंपाकघराचे ओटे करण्याच्या बनावट दगडानें तरुण कारागिरांस सिलिकोसिस होऊं लागला, तेव्हां तेथील सरकारनें १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली. म्हणजे इच्छा असली कीं उपाय सांपडतो. प्रश्न एवढाच कीं, मरणारा माणूस कोणाच्या हिशेबांत माणूस म्हणून धरला जातो.

आपल्याकडे कायदा नाहीं म्हणावें, तर तेंही खोटें. स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ति मोर्चाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १६ डिसेंबर १९८३ रोजीं फरिदाबादेच्या दगडखाणींविषयीं निकाल दिला. त्यांत सांगितलेला उपाय शाळेंतल्या पोरास समजेल इतका सोपा आहे: खडीच्या यंत्राच्या डोक्यावर पाण्याचें पिंप ठेवून सतत फवारा मारा, नाहीं तर धूळ ओढून घेणारें यंत्र बसवा. ह्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पर्यावरणाच्या नियमांत खडीच्या यंत्राकरितां वेगळें कलम आहे: धूळ झांकण्याची आणि दाबण्याची व्यवस्था, वारा अडविणारी भिंत, आवारांतले रस्ते पक्के, जमिनीवर नेमानें पाणी, भोंवतीं झाडांची ओळ, आणि यंत्रापासून तीन ते दहा मीटरांवर हवेंतली धूळ घनमीटरमागें ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जातां कामा नये. सन २०२३ सालीं केंद्रीय मंडळानें ह्यांचें सविस्तर मार्गदर्शन पुन्हां छापलें. आमच्या वाचकांनीं एक काम करावें. आपल्या शिवारांतलें यंत्र चालूं असतां वाटेवर उभें राहून पाहावें, कीं ह्या पांचांतल्या किती गोष्टी डोळ्यांना दिसतात. साहेब येणार असेल त्या दिवसाचें पाणी मोजूं नये. इतर दिवसाचें मोजावें.

धूळ मजुराची छाती खाते, तशी शेतकऱ्याचें शेतही खाते. झाड पानांनीं श्वास घेतें. पानावर भुकटीचा थर बसला कीं छिद्रें बुजतात, ऊन आंत पोचत नाहीं. भात फुलोऱ्याला आलें असतां धूळ बसली तर दाणा भरत नाहीं. पेंढ्यांत भुकटी मिसळली कीं गुरें वैरण टाकतात. खाण पाण्याच्या पातळीखालीं उतरली म्हणजे भोंवतालच्या विहिरींचें पाणी झिरपून खाणींत जातें आणि पंपानें उपसून ओढ्यांत फेकलें जातें; मग मार्चांत विहीर आटली कीं पावसाला बोल! काम संपल्यावर खड्डा तसाच टाकतात. पावसाळ्यांत तो भरतो, आणि पोहावयास उतरलेल्या पोराला त्याच्या उभ्या कडा वर येऊं देत नाहींत. घराच्या भिंतीला तडा गेला तर विचारावें कोणास? डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. त्यामुळें सुरुंगानें भिंत हलली तर भूकंप म्हणतात, आणि भूकंपानें हलली तर घरच कच्चें म्हणतात. गरिबाची भिंत कशानेंही पडो, दोष भिंतीचाच! वास्तविक सुरुंग लावतांना हादऱ्याचें माप घेणारें यंत्र गांवाच्या कडेला ठेवलें, तर वादच उरत नाहीं. पण वाद मिटावा अशी इच्छा कोणाची आहे?

हें सर्व आतां कमी होणार नसून वाढणार आहे. मुंबई-अहमदाबाद ह्या ५०८ किलोमीटरांच्या वेगवान रेल्वेचा मार्ग ह्याच जिल्ह्यांतून जातो. बोईसरला तिचें स्थानक आहे. डहाणूजवळ वाढवणच्या बंदराची ७६,२२० कोटींची योजना केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें मंजूर केली, आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. त्या योजनेंत समुद्रांत १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटा अडविणारा बांध आहे. समुद्रांत दगड उगवत नाहीं. तो डोंगरांतूनच आणावा लागतो. इतकेंच नव्हे, नद्यांची वाळू संपली म्हणून दगड दळून वाळू करण्याचें धोरण राज्य सरकारनें मे २०२५ मध्यें ठरविलें, आणि असे कारखाने निघावेत म्हणून ब्रासमागें ६०० रुपयांचें स्वामित्वधन सवलतीनें २०० वर आणलें. नदी वांचावी ही इच्छा आमचीही आहे. पण दगड जितका बारीक दळावा तितकी बारीक धूळ उडणार, हें जात्यावर बसलेल्या कोणत्याही बाईनें सांगितलें असतें. मालकाला ब्रासमागें ४०० रुपये सोडणाऱ्या सरकारनें, त्यांतले चाळीस रुपये तरी मजुराच्या छातीच्या तपासणीस ठेवावेत, असें कां मनांत आणलें नाहीं?

आतां कडू बोलणें प्राप्त आहे, तें घरच्याच माणसांस. आमच्या चळवळीनें शेटजी-भटजींच्या जुलमाचें वस्त्र फाडलें. पण आज खाणीचा भागीदार, डंपरचा मालक, मजूर पुरविणारा ठेकेदार आणि त्यावर सही करणारा लोकप्रतिनिधी ह्यांत आपल्याच बहुजन समाजाचीं नांवें दिसूं लागलीं आहेत. भटजीची जागा कागद रंगविणाऱ्या सल्लागारानें घेतली आणि शेटजीची जागा आपल्या भावकीनें. जात आपली म्हणून धूळ गोड लागत नाहीं. सत्यशोधकाचा धर्म असा नव्हे कीं, ब्राह्मणानें लुबाडलें तर लूट, आणि मामानें लुबाडलें तर रोजगार! ज्याच्या हातीं डोंगर आहे आणि ज्याच्या छातींत धूळ आहे, ते दोघे एका सभेंत एका सतरंजीवर बसले तरी एका बाजूचे होत नाहींत.

ज्यानें बँकेचे हप्ते घेऊन एक डंपर घेतला आहे, त्या तरुणाशीं आमचें भांडण नाहीं. त्यालाही तीच धूळ लागते. ताडपत्री बांधली, वजन बेतानें भरलें, तर दिवसाची एखादी खेप कमी होईल. पण ती तूट त्यानें एकट्यानें सोसूं नये, खडी घेणाऱ्यानें भावांत द्यावी. रोजगार जाईल अशी भीति मालक घालतो. पाणी फवारल्यानें आजवर कोणाचा रोजगार गेला आहे? उलट फवाऱ्यावर एक माणूस अधिक लागेल! भाकरी कीं श्वास असा प्रश्न गरिबालाच विचारला जातो. मुंबईच्या माणसाला कोणी विचारीत नाहीं कीं, घर पाहिजे कीं फुप्फुस पाहिजे.

ह्या जिल्ह्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी ह्यांच्या आज्यांनीं काय केलें तें आठवावें. २३ मे १९४५ रोजीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी ह्या गांवीं वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करणार नाहीं म्हणून निर्धार करून उठले. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. वेठ कायद्यानें गेली. १९७६ सालीं वेठबिगारीविरुद्ध वेगळा कायदाही झाला. पण पावसाळ्यांत घरांत दाणा नसतां उचल द्यावयाची, आणि ती फिटेपर्यंत कुटुंबच्या कुटुंब खाणीवर नाहीं तर वीटभट्टीवर बांधून ठेवावयाचें, ही त्याच वेठेची धाकटी बहीण होय. आईबाप खाणीवर गेले कीं पोर त्यांच्यामागें जातें, पटावरचें नांव कोरें राहतें. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवर ‘संतुलन’ संस्थेनें १९९७ पासून दगडफोड्यांच्या मुलांसाठीं पाषाणशाळा काढल्या. पालघरच्या खाणीवर सरकारनें तेंच करूं नये असा कांहीं शास्त्रार्थ आहे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मजूर खात्याचे कारभारी असतां डिसेंबर १९४३ मध्यें धनबादेच्या कोळशाच्या खाणींत स्वतः उतरले. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८९० सालीं गिरणीमजुरांस रविवारची सुटी मिळवून दिली, ती मजुरांमध्यें राहून. आजच्या अधिकाऱ्यांस आम्ही खालीं उतरा म्हणत नाहीं. मोटारीची कांच खालीं करा, एवढेंच म्हणतों.

तेव्हां करावयाचें काय? रडगाणें पुरे, कामाचें बोलूं.

पहिलें, ग्रामसभा. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वीं ग्रामसभेची किंवा योग्य त्या पंचायतीची शिफारस घेणें बंधनकारक आहे; महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्यें झाले. जें गांव ह्या क्षेत्रांत येतें, तेथील प्रत्येक बाईनें व पुरुषानें ग्रामसभेस जावें. कागद मराठींत वाचून दाखविल्याखेरीज हात वर करूं नये, आणि कोऱ्या पानावर अंगठा अगर सही देऊं नये. सभा झाली नसतां सभा झाल्याचें लिहिलें असेल, तर त्या पानाची नक्कल मागावी.

दुसरें, माहिती. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं खाणीचा पट्टा किती जागेचा, किती वर्षांचा, किती ब्रास काढण्याची परवानगी, प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रांत कोणत्या अटी, शेवटची धूळ-तपासणी केव्हां झाली, हें सर्व मागतां येतें. गांवांतल्या शिकलेल्या एका तरी पोरानें हें काम अंगावर घ्यावें. सर्वोच्च न्यायालयानें २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं पांच हेक्टरांहून लहान खाणींसही पर्यावरणाची मंजुरी लागते असें ठरविलें आहे. सबब आमची खाण लहान आहे ही सबब ऐकूं नये.

तिसरें, मजुराचें पुस्तक. प्रत्येक मजुरानें एक वही करावी. कोणत्या सालापासून कोणत्या खाणीवर, यंत्रावर कीं सुरुंगावर, किती वर्षें, मुकादम कोण, हें तींत लिहावें. लिहितां येत नसेल त्यानें गांवच्या शिक्षकाकडे जावें. कोणताही शिक्षक नाहीं म्हणणार नाहीं, आणि म्हणेल तर तो शिक्षक नव्हे. दवाखान्यांत ही वही दाखवून, आपण दगडाच्या धुळींत काम करितों हें केसपेपरावर लिहून घ्यावें. क्षयाच्या गोळ्या सांगितल्या असतील तर त्या अर्ध्यावर सोडूं नयेत. पण क्ष-किरणाचा फोटो मागावा आणि तो जपून ठेवावा. गोध्र्याच्या प्रकरणांत अशा नोंदींनींच न्याय मिळविला.

चौथें, सरकारकडे मागणें. सिलिकोसिस हा कायद्यानें कळविणें भाग असलेला रोग आहे. जुन्या खाण कायद्यांतही तें होतें, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादींतही आहे. कामगाराची वार्षिक तपासणी मालकानें मोफत करावी असेंही ती संहिता सांगते. पालघरच्या सरकारी रुग्णालयांत ह्या रोगाचा दाखला देणारें वैद्यकीय मंडळ ठरलेल्या वारीं बसावें. राजस्थान सरकारनें २०१९ च्या धोरणानें दाखला मिळालेल्या रोग्यास तीन लक्ष आणि मृत्यूनंतर वारसास दोन लक्ष देण्याचें ठरविलें. मुंबई उभी करणाऱ्या छातीची किंमत महाराष्ट्रानें त्याहून कमी समजूं नये. आणि २०१५ च्या कायद्यानें जो जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधि निघाला, तो खाणींनीं बाधलेल्या गांवांचा आहे. त्यांतून आधीं विहिरी, दवाखाना आणि शाळा. कमानी आणि सुशोभन मागाहून.

पांचवें, यंत्र. ज्या यंत्रावर फवारा नाहीं, भिंत नाहीं, झांकण नाहीं, तें तीं बसेपर्यंत बंद. वापरून झालेल्या खड्ड्याला कुंपण घातल्याखेरीज नव्या पट्ट्याचा अर्ज घेऊं नये. सुरुंगाची वेळ पाटीवर लिहावी, आणि शाळेच्या वेळांत सुरुंग लावूं नये.

ह्यांतलें एकही मागणें क्रांतीचें नाहीं; सगळीं कायद्याच्या पोटांतलीं आहेत. तरी तीं सुखासुखीं मान्य होतील असा आमचा भ्रम नाहीं. पाणी स्वस्त आहे, पण मजुराचा श्वास त्याहून स्वस्त मिळतो, तोंवर मालक पाणी विकत घेणार नाहीं. म्हणून श्वासाची किंमत आपणच वाढविली पाहिजे. एका गांवानें ग्रामसभेंत नाहीं म्हटलें तर त्याला दम देतां येतो, दहा गांवांनीं एका आठवड्यांत म्हटलें तर साहेबाला खुर्ची सोडून यावें लागतें.

शेतकरी, वडार, वारली, कातकरी, कुंभार, सुतार, कोळी बांधवांनो आणि भगिनींनो! डोंगर फुटला कीं पुन्हां उगवत नाहीं, फुप्फुसही नाहीं. सरकारी कागदांत डोंगराची किंमत ब्रासांत लिहिलेली आहे. आपली किंमत कशांत लिहावयाची, तें येत्या ग्रामसभेंत सांगावयाचें आहे. त्या दिवशीं शेतावर जाऊं नका, खाणीवर जाऊं नका. सभेला या, आणि मोठ्यानें बोला. छातींत श्वास आहे तोंवरच तें करितां येतें.